काल घडलं, आज तपासणी करून कळेल का?

कंडोम फाटला. किंवा मधेच निसटला. किंवा वापरलाच नव्हता. समोरच्या व्यक्तीची फारशी माहिती नाही, आणि आता मनात एकच प्रश्न घोळतोय: मला काही झालं तर नसेल?

अशा वेळी बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण दुसऱ्याच दिवशी लॅब गाठतात आणि ‘सगळ्या टेस्ट करून टाका’ म्हणतात. बाकीचे काहीच करत नाहीत. लघवीला जळजळ होतेय का, अंगावर पुरळ उठतंय का, हे रोज न्याहाळत बसतात. दोन्हींतून हाती फारसं काही लागत नाही. दुसऱ्या दिवशीचा रिपोर्ट कालच्या रात्रीबद्दल काहीच सांगत नाही, आणि लक्षणं म्हणाल तर ती बऱ्याचदा येतच नाहीत. उपयोगाची गोष्ट साधी आहे: संबंध कोणत्या तारखेला झाला ते लिहून ठेवा. पुढचे जवळजवळ सगळे निर्णय त्या तारखेपासून मोजायचे असतात.

पहिले ७२ तास

सगळ्यात घाईचं काम तपासणीचं नसून औषधाचं आहे, आणि नेमकं तेच लोकांना माहीत नसतं. एचआयव्हीचा विषाणू शरीरात शिरल्या शिरल्या सगळीकडे पसरत नाही. आधी तो शिरकावाच्या जागेजवळच्या पेशींत वाढतो आणि मग लसीकाग्रंथींकडे सरकतो. या मधल्या दोन-तीन दिवसांत विषाणूची वाढ रोखणारी औषधं सुरू झाली, तर लागण टळण्याची शक्यता खूप वाढते. या उपचाराला ‘पेप’ म्हणतात. तो ७२ तासांच्या आत सुरू करावा लागतो, २४ तासांच्या आत झाला तर फारच चांगलं, आणि गोळ्या सलग २८ दिवस घ्यायच्या असतात. ७२ तास उलटून गेल्यावर सहसा हा उपचार देत नाहीत, कारण तेव्हा त्याचा उपयोग उरलेला नसतो. म्हणून शनिवारी रात्री काही घडलं असेल तर सोमवारी संध्याकाळी सवडीनं जाऊ, असा विचार करू नका. रविवारीच आपत्कालीन विभाग गाठा.

पेप सरसकट सगळ्यांना लागत नाही. संबंध कोणत्या प्रकारचा होता, समोरच्याला एचआयव्ही आहे का, असल्यास तो उपचार घेतोय का, हे डॉक्टर विचारतात आणि त्यावरून ठरवतात. औषधं सुरू करताना एचआयव्हीची, मूत्रपिंडाची आणि हिपॅटायटिस बी या यकृताच्या विषाणूजन्य आजाराची तपासणी होते. त्यातली शेवटची विसरली जाते, पण तिला कारण आहे: पेपमधली काही औषधं हिपॅटायटिस बीच्या विषाणूवरही काम करतात, आणि तो आजार आधीपासून असेल तर २८ दिवसांनी गोळ्या थांबवल्यावर यकृताला अचानक सूज येऊ शकते. मात्र हे रिपोर्ट येईपर्यंत पहिला डोस अडवून ठेवू नये.

याच दिवसांत आणखी दोन कामं उरकायची असतात. हिपॅटायटिस बीची लस पूर्वी घेतली नसेल तर ती लगेच, शक्यतो २४ तासांत सुरू करावी. संबंधानंतर दिलेली लसही या आजारापासून बऱ्यापैकी वाचवते. आणि गर्भधारणेची शक्यता असेल तर तातडीची गर्भनिरोधक गोळी. लेव्होनॉरजेस्ट्रेलची गोळी ७२ तासांत घ्यायची असते, युलिप्रिस्टलची १२० तासांपर्यंत चालते, आणि कॉपर टी पाच दिवसांच्या आत बसवली तर ती या दोन्हींपेक्षा खात्रीची. मात्र यांतलं काहीही संसर्ग रोखत नाही. गोळी घेतली म्हणजे सगळं निस्तरलं, असं समजणारे पुष्कळ भेटतात.

संबंध जबरदस्तीनं झाला असेल तर हेच ७२ तास जास्तच मोलाचे ठरतात. अंघोळ करण्याआधी, कपडे न धुता रुग्णालयात पोचता आलं तर पुरावे गोळा करता येतात. पण अंघोळ झाली असली, दोन दिवस गेले असले, तरीही जाच. उपचार पुराव्यांवर अवलंबून नसतात.

आतून धुणं, जंतुनाशक लावणं, लिंबू चोळणं हे सगळं टाळा. त्यानं जंतू मरत नाहीत, उलट आतली नाजूक त्वचा सोलवटते आणि जंतूंना वाट मिळते. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या ‘सावधगिरी म्हणून’ गिळणंही तसंच: अर्धवट डोसानं आजार जात नाही, पण रिपोर्ट मात्र फसवा येऊ शकतो. डॉक्सिसायक्लिनचा २०० मिलिग्रॅमचा एकच डोस संबंधानंतर ७२ तासांत घेण्याची पद्धत अलीकडे आली आहे हे खरं. पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया यांच्यात तिचा सिफिलिस (गरमी) आणि क्लॅमिडिया या लैंगिक आजारांविरुद्ध चांगला उपयोग दिसला. इतरांच्या बाबतीत पुरावा तेवढा पक्का नाही, म्हणून हा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यायचा.

धोका नेमका किती

समोरच्या व्यक्तीला एचआयव्ही आहे, ती उपचार घेत नाही, आणि कंडोम वापरलेला नाही, असं गृहीत धरून काढलेले सरासरी आकडे असे आहेत. गुदमैथुनात आत घेणाऱ्याला दर १०,००० वेळांमागे साधारण १३८ वेळा लागण होते, आत घालणाऱ्याला ११ वेळा. योनीमैथुनात स्त्रीला साधारण ८ वेळा, पुरुषाला ४ वेळा. मुखमैथुनात धोका इतका कमी की तो नीट मोजताही येत नाही. चुंबन, मिठी, हातानं स्पर्श, एकाच ताटातलं जेवण, शौचालयाची सीट यांतून एचआयव्ही पसरत नाही.

हे आकडे वाचून कुणाला हायसं वाटेल, पण सरासरी म्हणजे सरासरी. समोरच्याला नुकतीच लागण झालेली असेल तर त्याच्या रक्तात विषाणूंची संख्या प्रचंड असते, आणि दोघांपैकी कुणालाही जखम किंवा फोड असेल तर धोका कैक पटींनी वाढतो. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. जी व्यक्ती नियमित औषधं घेते आणि जिच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडण्याइतकाही उरलेला नाही, तिच्याकडून लैंगिक संबंधातून एचआयव्ही होत नाही. ‘पार्टनर’ नावाच्या मोठ्या युरोपीय अभ्यासात अशा जोडप्यांमध्ये कंडोमशिवाय हजारो वेळा संबंध झाले, आणि उपचार घेणाऱ्या जोडीदाराकडून एकाही व्यक्तीला लागण झाली नाही. उपचार घेणाऱ्या एचआयव्हीग्रस्त जोडीदाराला लोक घाबरतात आणि कधीच तपासणी न केलेल्या माणसाला बिनधोक समजतात, हा हिशेब उलटा आहे.

आणि खरं सांगायचं तर रात्रभर एचआयव्हीच्या धास्तीनं जागणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात दुसरंच काही होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभर चार बऱ्या होणाऱ्या लैंगिक आजारांच्या मिळून ३७ कोटी ४० लाख नव्या लागणी झाल्या: ट्रायकोमोनास १५ कोटी ६० लाख, क्लॅमिडिया १२ कोटी ९० लाख, गोनोरिया म्हणजे परमा ८ कोटी २० लाख, आणि सिफिलिस म्हणजे गरमी ७१ लाख. एचआयव्हीच्या नव्या लागणी २०२३ मध्ये १३ लाखांच्या आसपास होत्या. परमा, सिफिलिस आणि हर्पीस हा फोड आणणारा विषाणूजन्य आजार मुखमैथुनातूनही सहज पसरतात. तेव्हा ‘आम्ही फक्त ओरल केलं’ म्हणून तपासणीच नको, असं होत नाही.

कंडोम नीट वापरला असेल तर एचआयव्ही, परमा आणि क्लॅमिडियापासून चांगलं संरक्षण मिळतं. हर्पीस, एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू) आणि सिफिलिस मात्र त्वचेला त्वचा लागून पसरतात, आणि कंडोम सगळी त्वचा झाकत नाही.

‘विंडो पीरियड’ म्हणजे काय

लागण झाल्यापासून ती तपासणीत दिसू लागेपर्यंत जो काळ जातो, तो विंडो पीरियड. काल पेरलं आणि आज उगवलं का बघायला शेतात गेलं, तर शेत मोकळंच दिसणार. बी आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. या काळात आलेला निगेटिव्ह रिपोर्ट तसाच असतो.

हा काळ आजारावर ठरतो आणि तपासणी काय शोधते यावरही. एचआयव्हीचं उदाहरण घ्या. विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी लागणीनंतर १० ते ३३ दिवसांत बोलू लागते. हातातून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेली चौथ्या पिढीची तपासणी विषाणूचा पी२४ हा भाग आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) असं दोन्ही शोधते. ती १८ ते ४५ दिवसांत. फक्त प्रतिपिंडं शोधणारी तपासणी २३ ते ९० दिवसांत, कारण प्रतिपिंडं शरीराला तयार करावी लागतात आणि प्रत्येकाचं शरीर आपापल्या गतीनं चालतं. बोटाला टोचून करायच्या झटपट किट आणि घरी करायच्या बहुतेक किट यांच्यासाठी ९० दिवसच धरावेत. म्हणून रिपोर्टवर नुसतं ‘निगेटिव्ह’ वाचून थांबू नका. तपासणी कोणत्या प्रकारची होती आणि ती कितव्या दिवशी झाली, हे दोन्ही पाहा. लॅबमधली चौथ्या पिढीची तपासणी ४५ दिवसांनंतर निगेटिव्ह आली, तर त्या प्रसंगापुरता एचआयव्हीचा विषय संपला. पेप घेतली असेल तर मात्र गणित बदलतं. औषधांमुळे निकाल उशिरा उमटू शकतो, म्हणून डॉक्टर तीन महिन्यांपर्यंत पाठपुरावा करतात.

क्लॅमिडिया आणि परमा यांचे जंतू पीसीआरसारख्या, जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीत थेट शोधले जातात, त्यामुळे दोन आठवडे पुरतात. सिफिलिस सगळ्यात सावकाश. त्याची पहिली जखम १० ते ९० दिवसांत, सरासरी तिसऱ्या आठवड्यात उमटते, आणि रक्तातल्या तपासणीला त्यानंतरही काही दिवस लागू शकतात. शेवटची खात्री १२ आठवड्यांनी. हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या तपासण्याही याच सुमारास पक्क्या होतात.

मग प्रत्यक्षात कधी जायचं? पहिली खेप लगेच, पण ती कालच्या रात्रीसाठी नसते. आधीपासून काही नव्हतं ना, याची ती नोंद असते, आणि पेप-लशीचा निर्णय तेव्हाच होतो. दुसरी दोन आठवड्यांनी, क्लॅमिडिया आणि परम्यासाठी. तिसरी साधारण सात आठवड्यांनी, चौथ्या पिढीच्या एचआयव्ही तपासणीसाठी. शेवटची तीन महिन्यांनी, सिफिलिस आणि हिपॅटायटिससाठी. एकदाच जाणं शक्य असेल आणि काही लक्षणं नसतील तर तीन महिन्यांची खेप सगळ्यात जास्त सांगते. पण तोपर्यंत इतरांशी संबंध टाळणं किंवा कंडोम वापरणं आलंच, आणि क्लॅमिडियासारखा आजार तीन महिने तसाच राहू देणं हेही काही शहाणपणाचं नाही.

लक्षणांची वाट का बघू नये

क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक स्त्रियांना आणि बऱ्याच पुरुषांना काहीही जाणवत नाही. स्त्रियांमध्ये तो गुपचूप गर्भाशयातून बीजवाहिन्यांपर्यंत चढतो आणि वर्षांनंतर वंध्यत्व किंवा नळीतला गर्भ या रूपात समोर येतो. परमा पुरुषांत साधारण आठवड्याच्या आत पू आणि जळजळ घेऊन येतो, पण घशात आणि गुदाशयात असेल तर बहुतेक वेळा गप्प असतो. सिफिलिसची पहिली जखम दुखत नाही, ती योनीत किंवा गुदद्वारात असेल तर दिसतही नाही, आणि उपचार न करता तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरून येते. माणूस म्हणतो, बरं झालं. पुढे काही आठवड्यांनी तळहात-तळपायांवर न खाजणारं पुरळ उठतं, तेही जातं, आणि आजार वर्षानुवर्षं आत राहतो.

याउलट जी लक्षणं लोकांना सर्वात जास्त घाबरवतात, ती सहसा काहीच सिद्ध करत नाहीत. एचआयव्हीच्या नव्या लागणीत दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसादुखी, अंगदुखी, पुरळ येऊ शकतं. पण साध्या फ्लूतही हेच होतं, आणि काळजीनं झोप उडाली की घाम, धडधड, जुलाब, अंगावर मुंग्या हे सगळं होतंच. जिभेवर पांढरा थर शोधत आरशासमोर उभं राहणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की तो थर जवळपास प्रत्येकाच्या जिभेवर असतो.

लगेच दाखवायला हवं अशीही लक्षणं आहेत: लिंगातून किंवा योनीतून पू, नवी जखम किंवा फोड, ओटीपोटात किंवा वृषणात दुखणं, डोळे पिवळे होणं. अशा वेळी विंडो पीरियड मोजत बसायचं नाही.

नमुना कुठून घेतला?

पुष्कळशा तपासण्या फसतात त्या इथे. क्लॅमिडिया आणि परमा जिथे लागले तिथेच राहतात. संबंध तोंडानं झाला असेल तर घशाचा स्वॅब (कापसाच्या काडीनं घेतलेला नमुना) हवा, गुदमार्गानं झाला असेल तर गुदाशयाचा. नुसती लघवी तपासली तर ती निगेटिव्ह येईल आणि घशातला परमा तसाच राहील. म्हणून संबंध कशा प्रकारचा होता हे डॉक्टरांना लाजेपोटी सांगितलं नाही, तर चुकीच्या जागेची तपासणी होते आणि खोटा दिलासा मिळतो. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा. त्यांनी याहून बरंच काही ऐकलेलं असतं.

लघवीचा नमुना द्यायचा असेल तर त्याआधी निदान तासभर लघवी केलेली नसावी, आणि सुरुवातीची धार बाटलीत घ्यावी. मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गासाठी मधली धार घेतात. इथे उलटं, कारण जंतू पहिल्या धारेबरोबर धुऊन येतात. स्त्रियांसाठी लघवीपेक्षा योनीचा स्वॅब जास्त भरवशाचा, आणि तो स्वतः घेतला तरी तितकाच चांगला ठरतो.

‘संपूर्ण पॅकेज’च्या नावाखाली काही बिनकामाच्या तपासण्याही गळ्यात पडतात. लक्षणं नसताना हर्पीसची रक्ततपासणी करू नये. जगात ५० वर्षांखालच्या जवळपास दोन तृतीयांश लोकांना हर्पीसचा पहिला प्रकार असतो, बहुतेकांना लहानपणी लागलेला, तोंडाशी फोड आणणारा. ती तपासणी पॉझिटिव्ह आली तरी कधी, कुठे, कुणाकडून यातलं काहीही कळत नाही, उरतो तो मनस्ताप. हर्पीस ओळखायचा तर ताज्या फोडाचा स्वॅब घ्यावा. एचपीव्हीसाठी पुरुषांकरिता मान्यताप्राप्त तपासणी नाही. त्यावर लस हा उपाय, आणि स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाची नियमित तपासणी.

रिपोर्ट हातात आल्यावर

पॉझिटिव्ह शब्द दिसला की पायाखालची जमीन सरकते. पण एचआयव्हीची पहिली तपासणी ही चाळणी असते, निकाल नसतो. समजा, १०,००० कमी धोक्याच्या लोकांपैकी १० जणांना खरोखर एचआयव्ही आहे, आणि तपासणी निरोगी लोकांत ०.५ टक्के वेळा चुकते. मग १० खऱ्या पॉझिटिव्हबरोबर सुमारे ५० खोटे पॉझिटिव्हही निघतील. तपासणी उत्तम असूनही! म्हणूनच दुसऱ्या, वेगळ्या पद्धतीच्या तपासणीनं खात्री केल्याशिवाय निदान करत नाहीत. सिफिलिसची व्हीडीआरएल तपासणीसुद्धा गरोदरपणात किंवा काही संधिवातासारख्या आजारांत खोटी पॉझिटिव्ह येते. टीपीएचए ही सिफिलिसची दुसरी, वेगळ्या पद्धतीची रक्ततपासणी करून ताडून पाहावं लागतं. आणि सिफिलिस बरा झाल्यावरही टीपीएचए बहुतेकांत जन्मभर पॉझिटिव्ह राहते. उपचार लागू पडला का, हे व्हीडीआरएलच्या पातळीवरून (रक्त किती पट पातळ करूनही तपासणी पॉझिटिव्ह येते, त्या आकड्यावरून) कळतं: १:३२ वरून १:८ वर आली, म्हणजे चौपट उतरली, की काम झालं.

परमा, क्लॅमिडिया, सिफिलिस आणि ट्रायकोमोनास हे चारही पूर्ण बरे होतात. सुरुवातीच्या सिफिलिसला अजूनही बेंझाथिन पेनिसिलिनचं एक इंजेक्शन पुरतं. परम्याचं तसं राहिलेलं नाही. त्याच्या जंतूनं एकामागून एक औषधं निकामी केली, आता मदार मुख्यतः सेफ्ट्रिॲक्सोनच्या इंजेक्शनवर आहे, आणि म्हणूनच दुकानातून गोळी घेऊन खाण्यात अर्थ नाही.

क्लॅमिडियाचा उपचार संपल्या संपल्या पुन्हा पीसीआर करू नका. मेलेल्या जंतूंचे अवशेष जवळपास महिनाभर सापडतात आणि उगाच पॉझिटिव्ह दाखवतात. एका डोसाचा उपचार असेल तर त्यानंतर सात दिवस, आणि आठवड्याचा कोर्स असेल तर तो संपेपर्यंत संबंध टाळायचे. गेल्या दोन महिन्यांतल्या जोडीदारांना कळवायचं. फोनवर जमत नसेल तर दोन ओळींचा निरोप पुरे: ‘माझा क्लॅमिडियाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय, तूही तपासून घे.’ जोडीदारानं उपचार घेतले नाहीत तर तोच आजार फिरून तुमच्याकडे येतो. तसं पुष्कळदा होतं, आणि म्हणून तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा एकदा करून घ्यायची असते.